नव्वदीतले मेल शोधायचेत? आधी खातं कुणी दिलं होतं ते आठवा

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून जुना सीपीयू खाली उतरला की इंदूरच्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो : "यात आपल्या पोराचे अमेरिकेतले मेल असतील का हो?" रामबाग असो, लोकमान्यनगर असो की राजेंद्रनगर, नव्वदीत शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडलेलं एखादं मूल बहुतेक घरात होतंच. आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा आजीने दोऱ्याने बांधून ठेवला, तो मिळतो. मेलचं काय झालं, ते कुणालाच धड सांगता येत नाही.

नुसत्या सीपीयूकडे बघून याचं उत्तर देता येत नाही. त्या काळी ईमेल खातं मिळवण्याचे चार-पाच मार्ग होते आणि मार्गागणिक मेल साठण्याची जागा वेगळी होती. काही मार्गांत मेल घरच्या मशीनवर उतरायचा आणि कंपनीच्या सर्व्हरवरून पुसला जायचा. काहींत तो घरी कधी आलाच नाही, बघून झाला की तिकडेच राहिला. म्हणून हार्ड डिस्क उघडायच्या आधी खातं कसं मिळालं होतं ते खणून काढा. अर्धं काम तिथेच होतं, आणि अनेकदा विनाकारण होणारा खर्चही वाचतो.

पत्ता शोधा आणि ‘ॲट’नंतरचा भाग वाचा

जुना पत्ता कुणालाच पाठ नसतो, पण छापलेला सापडतो. व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, लग्नासाठी केलेला बायोडाटा, टेलिफोनच्या डायरीचं शेवटचं पान, कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची स्मरणिका, एवढं चाळा. सापडला की ‘ॲट’च्या आधी काय आहे ते सोडा, नंतरचं वाचा.

शेवटी ‘ईआरनेट डॉट इन’ किंवा ‘आरईएस डॉट इन’ असेल तर खातं शिक्षण-संशोधन संस्थेचं. ‘जियासबीएम०१ डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन’ असं लांबलचक काही असेल तर विदेश संचार निगम (व्हीएसएनएल) या तेव्हाच्या सरकारी कंपनीचं. त्यातली मधली दोन अक्षरं शहर सांगतात : बीएम म्हणजे मुंबई, डीएल दिल्ली, सीएल कलकत्ता, एमडी मद्रास, पीएन पुणे, बीजी बंगळूर. तेव्हा इंदूरच्या माणसाच्या कार्डावर ‘बीएम’ दिसलं तर गोंधळू नका. खातं मुंबईच्या नोडवर, म्हणजे तिथल्या जोडणी केंद्रावर काढलेलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. ‘सत्यम डॉट नेट डॉट इन’ आणि ‘संचारनेट डॉट इन’ ही नंतरची पिढी. संचारनेटच्या पत्त्यांत सुरुवातीला अनेकदा शहराचं तीन अक्षरी लघुरूपही असायचं. नावाच्या जागी नुसते आकडे, मधे टिंब आणि पुढे ‘कॉम्प्युसर्व्ह डॉट कॉम’ असेल तर ते अमेरिकेतल्या नातेवाइकाचं पैसे भरून घेतलेलं खातं. हॉटमेल, याहू, रॉकेटमेल, रेडिफमेल ही फुकटातली मंडळी.

पत्ता कुठेच सापडला नाही, पण मेलचा एखादा प्रिंटआउट मिळाला, तरी चालतं. वरच्या किचकट ओळी फाडून टाकलेल्या नसल्या म्हणजे झालं. ‘एक्स-मेलर’ या ओळीत कोणत्या सॉफ्टवेअरमधून मेल निघाला ते लिहिलेलं असतं. ‘मेसेज-आयडी’ची ओळ ‘पाइन’ या शब्दाने सुरू होत असेल तर लिहिणारा बहुधा शेल खात्यावर, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणाऱ्या खात्यावर, काळ्या पडद्यासमोर बसला होता.

संस्थेकडून मिळालेलं खातं

सर्वसामान्यांना इंटरनेट मिळायच्या कितीतरी आधी आपल्याकडे ईमेल होता. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ मध्ये ईआरनेट सुरू केलं. आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, मुंबईचं एनसीएसटी हे सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र असे त्याचे खांब होते. इंदूरला कॅट, म्हणजे आजचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, ‘कॅट डॉट ईआरनेट डॉट इन’ या पत्त्याने जोडलेलं होतं. तिथे नोकरी असेल तर खातं मिळायचं, नाहीतर नाही. अर्ज, शिफारस, ओळख कशानेही बाहेरच्याला मिळत नसे.

असं खातं घरातल्या कुणाचं असेल तर सर्व्हरवरच्या मेलची आशा सोडा. निवृत्तीनंतर ही खाती बंद होतात आणि त्या काळचे सर्व्हर आता नाहीत. मात्र ही माणसं प्रिंट काढून फाइलला लावणारी. कार्यालयीन कागदांच्या बॉक्स फाइलीत छिद्रं पाडलेले, कडेला पट्टी असलेले डॉट मॅट्रिक्सचे कागद हमखास निघतात. त्यांची शाई फिकी होत जाते, म्हणून सापडल्याच्या दिवशीच स्कॅन करा आणि ३०० डीपीआयच्या खाली जाऊ नका.

विदेश संचार निगमचं शेल खातं

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं केलं. फॉर्म भरायचा, पैसे भरायचे, मग लॉगिन आणि पासवर्ड हाती यायचा. शेल खात्याचे वर्षाला ५,००० रुपये, चित्रं दाखवणाऱ्या टीसीपी/आयपी खात्याचे त्याच्या तिप्पट. विद्यार्थ्यांना मात्र ५०० रुपयांत शेल मिळायचं, त्यामुळे ज्या घरात कॉलेजात जाणारं कुणी होतं, तिथे खातं बहुधा त्याच्या नावाने निघालं. वापरायचे मात्र वडील! नाव शोधताना हे लक्षात ठेवा.

आपल्या गावात नोड नसेल तर मोडेमने दुसऱ्या शहरात एसटीडी लावायची. रात्री अकरानंतर एसटीडीला पाव दर लागायचा, म्हणून जुन्या मेलांवर रात्री साडेअकरा-बाराच्या वेळा दिसतात. लिहिणारे घाईत का आहेत आणि वाक्यं तारेसारखी तुटक का आहेत, याचंही कारण तेच.

शेल खात्यात तुमचा संगणक नुसता पडद्याचं काम करायचा. पत्रं पाइन नावाच्या प्रोग्रॅममध्ये सर्व्हरवर उघडायची आणि तिथेच राहायची. जागा तुटपुंजी, खातं नूतनीकरण न झालं की सगळं गेलं. तरीही या मार्गातला मेल घरच्या हार्ड डिस्कवर सापडू शकतो, आणि तो अशा जागी असतो जिथे कुणी बघत नाही. फोनचं बिल वाचवायला हुशार माणसं टर्मिनल प्रोग्रॅममध्ये ‘कॅप्चर’ सुरू करायची, पाइनमधले मेल भराभर पडद्यावरून सरकवायची आणि लाइन तोडून निवांत वाचायची. विंडोज ९५ मध्ये हे काम हायपरटर्मिनल करायचं, त्याआधी टेलिक्स किंवा प्रोकॉम. त्या कॅप्चरच्या फाइली टीएक्सटी, एलओजी किंवा सीएपी अशा शेपटाच्या (शेपूट म्हणजे नावातल्या टिंबानंतरची अक्षरं) असतात. डिस्कवर अशा सगळ्या फाइली शोधा आणि नोटपॅडमध्ये उघडा. मधेमधे कंसातले आकडे आणि विचित्र खुणा येतील, त्या पडद्यावरची अक्षरं हलवायच्या आज्ञा आहेत. त्यांच्या मधून पत्र वाचता येतं.

मेल घरी उतरवणारी खाती : इथे खरा खजिना

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा द्यायची मुभा मिळाली, सत्यम इन्फोवे आली, पुढे दूरसंचार खात्याचं संचारनेट आलं. ‘१७२’ने सुरू होणारा नंबर फिरवायचा, मोडेमची किर्रकिर्र ऐकायची, की तुम्ही आत. सोबत एक मेलबॉक्स यायचा. तो युडोरा, नेटस्केप किंवा आउटलुक एक्स्प्रेसमध्ये जोडला जाई. हे प्रोग्रॅम पॉप३ पद्धतीने मेल खाली ओढायचे आणि सर्व्हरवरची प्रत पुसायचे. ‘प्रत सर्व्हरवर ठेवा’ अशी खूण सेटिंगमध्ये होती, पण ती मुद्दाम करावी लागे. करणारे थोडेच.

म्हणजे संचारनेट बंद झालं, विदेश संचार निगम २००२ मध्ये टाटांकडे गेलं, याने तुमचं काही बिघडत नाही. मेल तिथे नव्हताच. तो माळ्यावरच्या डिस्कवर आहे. भंगारात दिलेल्या सीपीयूचं दुःख करायचंच असेल तर ते या लोकांनी करावं.

डिस्क जोडल्यावर (ती कशी जोडायची ते पुढे येईलच) आधी लपवलेल्या फाइली दिसतील अशी सोय करा. मग शेपटावरून शोधा. डीबीएक्स असेल तर आउटलुक एक्स्प्रेस. विंडोज ९८ मध्ये ती विंडोज, ॲप्लिकेशन डेटा, आयडेंटिटीज अशा वाटेने सापडते, एक्सपीत डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जच्या खूप आत. एमबीएक्स असेल तर बहुधा युडोरा. पीएसटी म्हणजे मोठं आउटलुक. नेटस्केपच्या मेल फाइलींना शेपूटच नसतं, पण त्यांच्या बाजूला एसएनएम शेपटाच्या छोट्या फाइली असतात, त्यावरून ओळखा.

डीबीएक्स फाइल नोटपॅडने वाचायच्या फंदात पडू नका. अनडीबीएक्स नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम तिच्यातला प्रत्येक मेल वेगळा काढून देतो. शिवाय आउटलुक एक्स्प्रेसमध्ये पुसलेला मेल फाइल ‘कॉम्पॅक्ट’ करेपर्यंत आत तसाच पडून असायचा, आणि कॉम्पॅक्ट करायचा कंटाळा सगळ्यांनाच. अनडीबीएक्सला रिकव्हरीच्या पद्धतीने चालवलं तर असे पुसलेले मेलही काही वेळा वर येतात. आत काय निघेल सांगता येत नाही, तेव्हा घरचं मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना ही करामत करू नका.

युडोराची गोष्ट सोपी. तिची एमबीएक्स फाइल साध्या मजकुराची असते, थेट उघडून वाचता येते. थंडरबर्ड या फुकट मेल प्रोग्रॅममध्ये नीट लावून हवी असेल तर इंपोर्ट-एक्सपोर्ट टूल्स एनजी हे जोडसाधन घ्या. एक खोच आहे : युडोरा जोडलेले फोटो मेलमधून काढून ‘अटॅच’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायची. ते फोल्डर उचललं नाही तर पत्रात ‘फोटो पाठवत आहे’ एवढंच उरतं.

सायबर कॅफेतलं फुकट खातं

४ जुलै १९९६ ला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं आणि खातं मिळवायला ना फोनची लाइन लागली, ना स्वतःचा संगणक. पुढच्या वर्षी याहूने रॉकेटमेलवाली कंपनी घेऊन याहू मेल आणला. आपल्याकडे रेडिफमेल लोकप्रिय झाला. कॅफेत तासाचे पैसे मोजायचे, नाव-जन्मतारीख भरायची, झालं खातं. बाकी जन्मतारीख खरी असेलच असं नाही, आणि पासवर्ड विसरल्यावर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्या कॅफेच्या मूडमध्ये दिलेलं.

या मार्गातले जुने मेल बहुतेक गेलेले आहेत, हे आधीच मान्य करा. हॉटमेलमध्ये तेव्हा जागा २ एमबी. डबा भरला की जुनं पुसल्याशिवाय नवं येत नसे. वर वापर नसलेली खाती रिकामी करण्याचे नियम आले. आजही याहू बारा महिने न उघडलेला मेलबॉक्स पुसतो, मायक्रोसॉफ्टही वर्षभर न उघडलेल्या आउटलुक इनबॉक्सला हात लावतं, आणि २०२३ च्या डिसेंबरपासून गूगलने दोन वर्षं न वापरलेली खाती काढायला सुरुवात केली. इंडियाटाइम्सची मेल सेवा २०१३ मध्येच बंद झाली.

म्हणून प्रयत्न एकदाच आणि नेटाने करा. जुना पासवर्ड आठवत असेल तर नेहमीच्या साइटवरून लॉगिन करून बघा. उघडलं तर आधी थंडरबर्डला जोडून सगळं खाली उतरवा, वाचत बसणं नंतर. उघडलं नाही तर तिथे थांबा. ‘जुनं खातं परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्या फोनवाल्यांना पैसे देऊ नका, त्यांच्याकडे असली कोणतीही किल्ली नसते. आणि त्या जुन्या याहू पत्त्यावर चाचणीचा मेल टाकायचा मोहही आवरा. याहूने २०१३ मध्ये पडून असलेली नावं नव्या लोकांना दिली आहेत. तुमच्या आतेभावाचा पत्ता आज तिऱ्हाइताचा असू शकतो.

गल्लीत एकाचंच खातं

हा मार्ग कोणत्याच फॉर्मवर नव्हता, पण इंदुरात चालला सर्वांत जास्त. वाड्यात किंवा कॉलनीत ज्याच्याकडे खातं असेल, त्याच्या पत्त्यावर सगळ्यांचे मेल. विषयाच्या ओळीत ‘जोशीकाकूंसाठी’ असं लिहिलेलं. तो माणूस प्रिंट काढायचा किंवा फोन करून वाचून दाखवायचा, उत्तर काकू वहीच्या कागदावर लिहून द्यायच्या आणि तो रोमन अक्षरांत टाइप करायचा.

तुमच्या घरात खातंच नव्हतं असं कुणी ठासून सांगितलं, तर हा प्रश्न विचारा : मग मुलाची खुशाली कुणाकडे यायची? त्या शेजाऱ्याच्या डिस्कवर तुमची पत्रं असू शकतात. त्यात इतर चार घरांचीही असतील, हे ध्यानात ठेवून त्यांच्यासमोर बसूनच शोधा.

डिस्क आणि फ्लॉपी हाताळताना

जुना सीपीयू थेट प्लगला लावू नका. वीस वर्षं पडून राहिलेला पॉवर सप्लाय दगा देतो, आणि विंडोज सुरू होताना डिस्कवर स्वतःच काहीबाही लिहितं. डिस्क काढा. रुंद पट्टीची, चाळीस पिनांची असेल तर ती आयडीई. तिला यूएसबीला जोडणारा ॲडॉप्टर मिळतो, आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये विचारा. स्वतंत्र वीज देणाराच घ्या, कारण मोठ्या डिस्कला यूएसबीची वीज पुरत नाही. मागची छोटी जंपर क्लिप ‘मास्टर’वर ठेवा. डिस्क टक-टक-टक असा एकसारखा आवाज करू लागली तर त्या क्षणी बंद करा आणि तज्ज्ञाकडे न्या. दर प्रयत्नागणिक तिचं नुकसान वाढतं. आवाज नसेल तर आधी पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे फाइलीच्या रूपातली हुबेहूब नक्कल, काढा आणि पुढचं सगळं काम त्या प्रतिमेवर करा.

साडेतीन इंची फ्लॉपी उजेडात धरा. धातूची सरकपट्टी बोटाने बाजूला करा आणि मागचं गोल चाक हळूहळू फिरवत तपकिरी चकती पूर्ण बघा. चकती सगळीकडे सारखी चमकली तर बरं. पावसाळी ओलाव्याने पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की हेड खराब होतं आणि मागून येणाऱ्या चांगल्या फ्लॉप्याही ओरखडतात. ती बाजूला ठेवा. चांगल्या फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी राहील अशी पट्टी सरकवा, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह विकत घेण्यापेक्षा उसना मिळाला तर बघा, काम एका दुपारचं असतं.

फाइल उघडली, पण वाचता येत नाही

तीन प्रकार वारंवार भेटतात. मराठी पत्र इंग्रजी अक्षरांच्या निरर्थक खिचडीसारखं दिसतं, तेव्हा ते शिवाजी, किरण किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं असतं. फॉन्ट टाकून बघा, किंवा त्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारं साधन वापरा. मूळ फाइल मात्र ठेवा, रूपांतरात जोडाक्षरं हमखास घसरतात. दर तिसऱ्या खुणेला तोच तो डोक्यावर तिरकी रेघ असलेला ‘ए’ येत असेल तर मजकूर युनिकोडच आहे, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने उघडलाय. यूटीएफ-८ निवडा, लख्ख दिसेल.

तिसरा प्रकार लोक घाण म्हणून पुसून टाकतात. ‘बिगिन ६४४’ अशी ओळ, पुढे फाइलीचं नाव, आणि खाली जवळजवळ प्रत्येक ओळ मोठ्या ‘एम’ने सुरू होणारी. हा यूयूएन्कोड केलेला फोटो आहे. ‘बिगिन’पासून ‘एंड’पर्यंतचा तुकडा वेगळ्या फाइलीत ठेवा, शेपूट ‘यूयूई’ द्या आणि विनरारने उघडा.

दुसऱ्या टोकाला विचारा

आपल्याकडे काहीच उरलं नसेल, तर ज्याला लिहिलं त्याच्याकडे बघा. अमेरिकेतल्या भावाकडे १९९६ मध्ये निघालेलं जुनोचं फुकट खातं असेल तर जुनो मेल त्याच्याच मशीनवर साठवायचं. मेल विद्यापीठातून आले असतील तर तो पदवी घेऊन निघताना कदाचित सीडीवर घेऊन आला असेल. त्याला ‘तुझे जुने मेल आहेत का’ असं मोघम विचारू नका, ‘नाहीत’ असंच उत्तर येतं. वर्ष, पत्ता, शक्य तर सॉफ्टवेअरचं नाव आणि फाइलीचं शेपूट लिहून पाठवा.

आणि त्याची उत्तरं मिळाली की खालपर्यंत वाचा. हॉटमेलमध्ये पाठवलेल्या मेलची प्रत मुद्दाम ठेवावी लागायची, पण उत्तर देताना समोरचा माणूस मूळ पत्र तसंच खाली राहू द्यायचा. ओळीच्या सुरुवातीला कोनासारखी खूण असलेला तो मजकूर म्हणजे आईने लिहिलेलं मूळ पत्र. दोन कोन असतील तर त्याआधीचं.

सापडलेलं सगळं तीन रूपांत ठेवा : मूळ फाइली जशाच्या तशा, मेल प्रोग्रॅमला उघडता येईल अशी ईएमएल किंवा एमबॉक्स प्रत, आणि घरच्यांना वाचता येईल अशी पीडीएफ. फाइलीच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस लिहा, म्हणजे आपोआप क्रम लागतो. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या आधी मात्र लिहिणाऱ्याला किंवा त्याच्या मुलांना विचारा. त्या पत्रांत पगाराचे आकडे आहेत, सुनेबद्दलची मतं आहेत, आणि ती सून आज त्याच ग्रुपची ॲडमिन आहे.